चक्रवाकांची दुपार

माणसाचें छायाचित्र काढणें त्या मानानें सोपें. 'इकडे पाहा' म्हटलें कीं तो पाहतो, 'हंसा' म्हटलें कीं हंसतो, आणि लग्नघरांतील आत्याबाई तर कोणी न सांगतां पदर सावरून पुढें येतात. रानपांखरांना मात्र आपलें चित्र निघावें अशी मुळींच हौस नसते. हा दोन पायांचा प्राणी किती दूर आहे आणि तो आणखी जवळ येणार आहे काय, एवढाच त्यांचा आपल्याविषयींचा विचार. या छंदाचें सारें शास्त्र त्या एका अंतरांत सामावलेलें आहे असें मला हल्लीं वाटूं लागलें आहे. आणि तें ध्यानीं येण्यास नांदूर मध्यमेश्वराच्या चिखलांतून कांहीं हिंवाळे हिंडावें लागलें.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यांत, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, गेल्या शतकाच्या आरंभीं सरकारनें एक बंधारा घातला. कोपरगांवाकडील शेतीला कालव्यांनीं पाणी न्यावें हा हेतु. नद्यांनीं पाण्याबरोबर गाळहि आणला. तो बंधाऱ्यामागें सांचत गेला, बेटें झालीं, पाणकणसांचें रान माजलें. इंजिनियराच्या वहींत ही तूटच मांडली जाईल. पण गुडघाभर पाणी आणि मऊ चिखल म्हणजे पाणपक्ष्यांना वाढलेलें ताटच. १९८६ सालीं येथें अभयारण्य झालें, आणि २०२० सालीं 'रामसर' स्थळांच्या यादींत महाराष्ट्रांतून पहिलें नांव लागलें तें याच जागेचें. पंचवटी याच जिल्ह्यांत असल्यामुळें रामसर हें रामरायाचेंच एखादें सरोवर असणार, असें आमच्या घरांतील वडील मंडळींनीं परस्पर ठरवूनहि टाकलें होतें. तें कास्पियन समुद्राच्या कांठचें इराणांतील एक गांव असून पाणथळ जागांविषयींचा करार १९७१ सालीं तेथें झाला, हें कळल्यावर काकूंची जरा निराशा झाली.

चापडगांवच्या बाजूनें पाण्यावर जावें तें उजाडण्यापूर्वीं. निफाडची थंडी प्रसिद्धच आहे. कॅमेऱ्याच्या बटणावरील बोट असून नसल्यासारखें होतें. धुकें विरूं लागलें कीं प्रथम दिसतात ते वारकरी. काळा देह आणि कपाळीं पांढराशुभ्र टिळा. नांव ठेवणाऱ्याच्या रसिकतेस दाद द्यावी. त्यांच्यापलीकडे हळदीकुंकू बदकें. चोंचीच्या टोंकाला हळदीचें बोट, मुळाशीं कुंकवाचें. दुरून हें कुंकू नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं. चारशें मिलिमीटरच्या भिंगानें घेतलेलें चित्र घरीं मोठें करून पाहिलें, तेव्हां तें सर्वांत आधीं वहिनींना दिसलें. पक्ष्यांना पापण्यांखालीं आणखी एक पातळ पडदा असतो. तो डोळ्यावरून क्षणार्धांत सरकून जातो, पण सेकंदाच्या दोन हजाराव्या भागांत घेतलेल्या चित्रांत कधीं नेमका सांपडतो आणि बगळ्याचा डोळा दुधाळ दिसतो. अशा कांहीं गोष्टी घरीं दाखवावयास आणतों, म्हणूनच हा खर्चिक नाद घरांत खपवून घेतला जातो अशी माझी समजूत आहे.

माझें मन मात्र चक्रवाकांवर. संस्कृत काव्य वाचलें जाणाऱ्या घरांत या पक्ष्याची ओळख करून द्यावयास नको. रात्र पडली कीं जोडप्याची ताटातूट व्हावयाची, आणि दोघांनीं दोन तीरांवरून एकमेकांना हांका मारीत पहांट करावयाची, हा कविसंकेत. केशरी-भगव्या अंगाचा हा पक्षी तिबेट-लडाखकडील उंच सरोवरांच्या प्रदेशांत वीण करून हिंवाळ्यापुरता आपल्याकडे उतरतो. इंग्रजांनीं त्याला 'ब्राह्मणी बदक' म्हटलें. तें सोंवळ्याच्या रंगामुळें, कीं चारचौघांपासून जरा अलग राहण्याच्या संवयीमुळें, हें वाचकांनींच ठरवावें! रात्रीं त्यांच्या हांका ऐकूं येतात हें कवींनीं अचूक टिपलें आहे. परंतु येथील मुक्कामांत ते बहुधा रात्रीं चरतात आणि दिवसा पाण्याकांठीं विसावतात. वसंतांत शेंकडों कोसांचा परतीचा प्रवास करावयाचा असतो. त्याची शिदोरी या चरण्यावर आणि या विसाव्यावरच जमते. म्हणजे आपण ज्या वेळीं कॅमेरा घेऊन जातों, ती त्यांची रात्र.

गेल्या पौषांत पुतण्याला बरोबर घेऊन गेलों होतों. दुपारीं बाराच्या सुमारास एका बेटाच्या कांठीं चाळीसएक चक्रवाक माना पाठींत खुपसून बसलेले दिसले. आमच्या उजवीकडे आणखी एक हौशी मंडळी होती. बसलेल्या पक्ष्यांचीं चित्रें पुरेशीं झाल्यावर त्यांतील एकानें ढेंकूळ उचलून पाण्यांत भिरकावलें. थवा उठला. पंखांवरील पांढरा भाग आणि हिरवा पट्टा उन्हांत झळकला, आणि दहा-बारा सेकंद कॅमेऱ्यांची नुसती टकटक चालली. आमच्याबरोबर गांवचा एक तरुण वाटाड्या होता. तो पुढें होऊन म्हणाला, "साहेब, ढेकळं नका टाकू. रातभर चरून आत्ता कुठं निजली व्हती ती." मंडळींनीं तें हंसण्यावारी नेलें. थवा दोन घिरट्या घालून पार पलीकडच्या कांठीं जाऊन उतरला.

त्यांनीं घेतलेलें चित्र मीं डोकावून पाहिलें. फारच सुंदर होतें. पुतण्या म्हणाला, "काका, असा फोटो नुसतं बसून नाही मिळायचा." त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. उपदेश करण्याची इच्छा झाली होती. पण एकोणीस वर्षांच्या मुलावर उपदेशाचा परिणाम ढेंकळासारखाच होतो, तो उडून जातो. "आज बसून काय मिळतें तें पाहूं," एवढेंच मी म्हणालों. सव्वाशें वर्षांपूर्वीं विलायतेंतील कीर्टन बंधूंनीं पोकळ बैल तयार करून त्याच्या पोटांत बसून पांखरांचीं चित्रें घेतलीं होतीं. आमच्याजवळ बैल नव्हता. बाभळीची सांवली होती.

पहिला तास कांहींच घडलें नाहीं. टिबुकली बुडे, भलतीकडेच वर येई. एक शेकाट्या लांब तांबड्या पायांनीं इतक्या जवळून गेला कीं भिंगांत मावेना. अडीचच्या सुमारास चक्रवाकांची एक जोडी परत आली. मग आणखी दोन. आमच्यापासून साठेक पावलांवर त्या जोडीपैकीं एकानें मान पाठींत खुपसली. दुसरा जागाच राहिला, आणि त्याचा डोळा सतत आमच्यावर होता. पुतण्यानें त्या डोळ्याचीं वीस-बावीस चित्रें घेतलीं. मग कॅमेरा मांडीवर ठेवून तो नुसता पाहत बसला.

सूर्य बुडाला, वाटाड्या निघण्याची घाई करूं लागला. तेवढ्यांत ती जोडी दोन पावलें चालली आणि कोणी न उठवितां उडाली. हांका देत दोघेहि गव्हाच्या कोंवळ्या शेतांकडे गेले, बरोबरच गेले. चित्र घ्यावयास उजेड उरला नव्हता. वर पाहतां पाहतांच पुतण्यानें भिंगाला झांकण लावलें, आणि रविवारीं पहांटे निफाडला पोंचणारी गाडी कोणती, तें तो वाटाड्याला विचारूं लागला.