कणकवली ते कुडाळ, विनातिकीट

मालवणला रेल्वे नाही. किल्ला पाहून परतणाऱ्याला कणकवली, सिंधुदुर्ग अथवा कुडाळ यांपैकी एखादे स्थानक गाठावे लागते. रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. त्यापूर्वी मुंबईचा प्रवास म्हणजे एसटीतील एक आखडलेली रात्र असे.

मागील उन्हाळ्यात कणकवलीच्या आप्तांकडून आम्ही मांडवी एक्स्प्रेसने कुडाळला निघालो. आमच्यासोबत एक वृद्ध बाई साधारण डब्यात चढल्या. लगोलग तिकीट तपासनीस आला. ‘रांग मोठी होती, तिकीट काढूक गावला नाय,’ असे त्यांनी आपण होऊन सांगितले. त्याचा पहिला प्रश्न होता, ‘चढलात कुठे?’

प्रश्न साधा, पण सारा हिशेब त्यावरच. १९८९ च्या रेल्वे अधिनियमातील कलम १३८ प्रमाणे प्रवास केलेल्या अंतराचे भाडे आणि शिवाय तेवढाच किंवा २५० रुपये, यांत जो अधिक असेल तो अधिभार द्यावयाचा असतो. मात्र चढल्याचे ठिकाण संशयास्पद ठरल्यास गाडी जेथून सुटली तेथून भाडे धरता येते. वाटेत तपासणी झाली असेल, तर त्या ठिकाणापासून. कणकवली ते कुडाळ अंतर तीसएक किलोमीटर, आणि मांडवी सुटते मुंबईहून! आम्ही साक्ष दिली, तेव्हा बाईंनी पदराआडची पिशवी सोडून कणकवलीपासूनचेच पैसे मोजले.

कलम १३७ निराळे. तेथे फसवणुकीचा हेतू लागतो. प्रकरण दंडाधिकाऱ्यांपुढे जाऊन सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. बँकेत थकलेला हप्ता आणि खोटा दस्तऐवज यांत आम्ही असाच भेद करीत असू. कलम ५५ तर मला अगदी पेढीच्या वळणाचे वाटते. भाडे नंतर देण्याच्या बोलीवर, चढण्यापूर्वीच अधिकृत कर्मचाऱ्याची परवानगी घेऊन तसा दाखला मागता येतो. तो हाती असल्यास अधिभार लागत नाही. उधारी, पण नोंदलेली. हे किती प्रवाशांना ठाऊक असेल?

गणपतीच्या गर्दीत मात्र प्रामाणिक माणूसही अडकतो. ऑनलाइन काढलेले तिकीट तक्ता लागल्यावरही पूर्णपणे प्रतीक्षायादीतच राहिले, तर ते आपोआप रद्द होऊन पैसे खात्यात परतात, आणि तरीही गाडीत शिरलेला चाकरमानी विनातिकीट ठरतो. खिडकीवरील तशाच तिकिटावर निदान साधारण डब्यात उभे राहता येते. हा भेद मला पटत नाही. तूर्त तक्ता लागताच तिकिटाची स्थिती पाहावी, आणि जागा नसेल तर फलाटावर जाण्यापूर्वी साधारण डब्याचे तिकीट घ्यावे.