रतामाच्या झुडपाखाली

लोणावळ्यातलं शिबिर, दुसरा दिवस. जुलै महिना, त्यामुळे वाळत घातलेले कपडे ओलेच आणि खिडकीबाहेर डोंगर आहे हे फक्त ऐकून माहीत. आम्ही बारा ख्रिस्ती समुपदेशक. दुपारी मी एका बाईंची हकिकत मांडली, ओळख लागणार नाही इतपत बदलून. नवरा मारायचा म्हणून त्या माहेरी आलेल्या. तीन आठवडे धड झोप नाही. त्यात कुणीतरी सांगितलं, प्रार्थनेवर विश्वास असेल तर गोळ्या कशाला? त्यांनी गोळ्या सोडल्या.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सोडायच्या नाहीत, यावर दोन मिनिटांत एकमत झालं. मला वाटलं, आता चहा येईल.

तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, "पण त्या स्वतः काय विचारतायत?"

मी अडखळले. त्या दर वेळी एकच विचारायच्या : मी त्याला क्षमा केली नाही, तर देव मला करील का?

"आत्ता क्षमेचं नावसुद्धा काढायचं नाही," ताई म्हणाल्या. ताई मानसशास्त्रज्ञ, उभी हयात रुग्णालयात गेलेली. "तिला त्यातून 'परत जा' एवढंच ऐकू येईल."

"तो अर्थ तिच्या कानात घातला कुणी? आम्ही पाळकांनीच. मग काढायचाही आम्हीच. ती विचारतेय आणि आपण गप्प बसलो, तर ती ते उत्तरच समजेल."

पाळक आणि मानसशास्त्रज्ञ यांच्यातला हा वाद जुना आहे. जे अॅडम्स या अमेरिकन पाळकांनी 1970 साली पुस्तक लिहून म्हटलं, की माणसांची दुःखं आपण मानसोपचाराच्या हवाली केली, ती पवित्र शास्त्राच्या आधारे हाताळणं हे मंडळीचं काम. त्यांचा आवडता ग्रीक शब्द 'नुथेटेओ'. आपल्या मराठी शास्त्रात तिथे 'बोध' येतो. मी शिकले ते दुसऱ्या बाजूकडून : ऐका, उपदेश करू नका. (आता 'समुपदेशन' या शब्दाच्या पोटातच उपदेश बसलाय, त्याला काय करणार?) खरं सांगायचं तर ताईंनी साहेबांना गप्प करावं, अशी माझी इच्छा होती.

ताईंनी काढला तो राजांच्या पहिल्या पुस्तकातला संदेष्टा एलीया. मरण मागत रतामाच्या झुडपाखाली झोपलेला. "देवदूतानं त्याला बोध केला का? भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. तेही दोनदा."

साहेबांचा चेहरा खुलला. हरल्याचा नव्हे, आवडता अध्याय निघाल्याचा. "बरोबर. आणि त्याच अध्यायात पुढे देवानं त्याला गुहेत गाठून प्रश्नही विचारला. तोही दोनदा."

खोलीत हशा पिकला. ताई हसल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहून म्हणाल्या, "झोपेनंतर विचारला. पण विचारला, हे मान्य."

मला केडगावच्या पंडिता रमाबाई आठवल्या. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, आणि पुढे तिथल्या सिस्टर जेराल्डिन या धर्मभगिनीशी त्रैक्यावरून त्यांचं पत्रांतून कडाक्याचं वाजलं. तरी पत्रात रमाबाई त्यांना आजीबाई म्हणत. वाद त्यानं मवाळ झाला नाही, उलट मोकळेपणानं करता आला असावा.

शेवटी ठरलं ते एवढंच : आधी डॉक्टर, झोप, आणि माहेरी ती सुरक्षित राहील याची तजवीज. क्षमेवर ताई आणि साहेब होते तिथेच राहिले.

संध्याकाळी ताई, साहेब आणि मी, तिघंही पुण्याच्या लोकलमध्ये. मळवली गेलं, कामशेत गेलं, पावसात भाताची खाचरं चकाकत होती. साहेब तळेगावला उतरायला उठले, तेव्हा ताईंनी हळूच विचारलं, "त्या बाईंनी परत तोच प्रश्न काढला, तर तुमच्या पाळकबाई येतील का बसायला? बाईमाणूस बरं पडेल."

"येईल की," साहेब छत्री शोधत म्हणाले. "पण सांगून ठेवतो, या बाबतीत ती तुमच्याही पुढे आहे. घरी माझं काही चालत नाही."

छत्री ताईंच्याच पिशवीत निघाली.