कागदावरची चिनी, कानातली झाडी

चिनी शिकतो आहे असे भंडाऱ्यात कुणाला सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "अक्षरं किती असतात जी?" उत्तरही आता ठरून गेले आहे. चीन सरकारने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रमाण तक्त्यात ८,१०५ अक्षरे आहेत आणि त्यांतली पहिल्या श्रेणीची ३,५०० आली की रोजचे वाचन बऱ्यापैकी निभावते. ऐकणारा हबकतो, आणि शिकणाऱ्याचा भाव उगाच वाढतो. खरे तर अक्षरे हा चिकाटीचा भाग आहे. रोज दहा गिरवली तर वर्षभरात ३,५०० चा आकडा फारसा दूर राहत नाही. चिनी लेखनाची खरी अवघड वाट त्यानंतर सुरू होते आणि तिच्याविषयी सहसा कुणी विचारत नाही.

ती वाट अशी. 'आई'साठी बोलताना 'मामा' म्हणतात (मराठी कानाला हे मोठे गमतीचे वाटते!), पण गंभीर लेखात तीच आई 'मूछिन' होते. 'जर' म्हणायचे तर गप्पांत 'याओश', साध्या लेखनात 'रूग्वो' आणि करारनाम्यात किंवा कायद्यात बहुधा नुसते 'रुओ'. औपचारिक गद्यात 'चिन्शिंग' हे क्रियापद पदोपदी भेटते. आपल्याकडील 'पाहणी करण्यात येत आहे' या वाक्यातल्या 'करण्यात येत आहे'सारखे ते काम करते. मात्र त्याच्यामागे येणारा शब्द दोन अक्षरांचा लागतो, एकाक्षरी शब्द तेथे चालत नाही. अर्थ तोच असला, व्याकरण तेच असले, तरी वाक्य लंगडते. म्हणजे चिनी गद्याला अर्थाबरोबर वजनही लागते, आणि ते वजन लेखनप्रकारागणिक बदलते. शब्दकोश येथे फारसा उपयोगी पडत नाही. कान तयार असावा लागतो.

हा कान मला चिनीच्या पुस्तकांनी दिला नाही. तो भंडारा जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाजवळ असतो. वैनगंगेच्या या खोऱ्याला झाडीपट्टी म्हणतात आणि येथली बोली ती झाडीबोली. तिच्यात 'ण'चा 'न' होतो आणि 'ळ'चा 'र'. घरी 'डोरा' दुखतो, वहीत 'डोळा' दुखतो. घरी 'पानी आला', वहीत 'पाऊस आला'. पहिलीत बसलेले मूल आठवडाभरात ओळखते की तोंडातली सगळीच भाषा कागदावर चालत नाही. पुढे ते 'वरील विषयास अनुसरून' अर्ज लिहायला शिकते, 'शिरसाष्टांग नमस्कार' घालून पत्र लिहायला शिकते आणि पावसाळ्यावर निबंध लिहिताना धानाच्या बांधीतला चिखल सोडून 'निसर्गाने हिरवा शालू' नेसवायलाही शिकते. यातली पहिली दोन कौशल्ये आयुष्यभर उपयोगी पडतात. तिसऱ्याची किंमत मात्र फार मोठी असते, कारण त्या शालूखाली मुलाने स्वतः पाहिलेला पाऊस दडपला जातो.

चीनमध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर घडले. तेथे शतकानुशतके लिहिण्याची भाषा वेगळी होती. 'वन्यान' ही ती अभिजात, अत्यंत आटीव भाषा कुणाच्याच तोंडी नव्हती. सरकारी नोकरीच्या परीक्षेत आठ ठरावीक अंगांचा निबंध लिहावा लागे आणि त्याच्या साच्यात पिढ्यान्पिढ्यांची बुद्धी घडत वा जिरत गेली. ती परीक्षापद्धती १९०५ साली बंद झाली. १९१७ च्या जानेवारीत हू श यांनी वाङ्मयसुधारणेवर लेख लिहून आठ सूत्रे मांडली. प्राचीनांचे अनुकरण नको, गुळगुळीत शब्दप्रयोग नकोत, बोलीतल्या शब्दांचा विटाळ नको, असा त्यांचा रोख होता. पुढच्याच वर्षी, मे १९१८ मध्ये, लू शुन यांची 'वेड्याची रोजनिशी' ही कथा प्रसिद्ध झाली. तिची प्रस्तावना वन्यानमध्ये आहे आणि रोजनिशी 'पायह्वा' म्हणजे साध्या बोलीवरच्या गद्यात. प्रस्तावनेतला शहाणा गृहस्थ अभिजात भाषेत सांगतो की रोगी आता बरा होऊन नोकरीच्या शोधात गेला आहे. समाज माणसे खातो हे ओरडून सांगणारा वेडा मात्र जिवंत भाषेत बोलतो. कोण शहाणा आणि कोण वेडा, हे लू शुन यांनी कोठेही स्पष्ट लिहिलेले नाही. दोन भाषाशैली शेजारी ठेवून त्यांनी ते काम केले आहे.

मराठी वाचकाला येथे महानुभावांची आठवण यावी. तेराव्या शतकात नागदेवाचार्यांनी आपल्या विद्वान शिष्यांना संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केले, कारण त्यामुळे साध्यासुध्या बाया आणि म्हातारी माणसे ज्ञानाला मुकली असती. त्याच आग्रहातून लीळाचरित्राचे गद्य उभे राहिले. त्या ग्रंथात आमच्या भंडाऱ्याचे नाव आहे आणि येथला नीळभट्ट भांडारेकरही आहे. 'कुणासाठी लिहायचे' हे आधी ठरले आणि भाषा मागाहून आली, असा हा क्रम आहे.

तरीही 'बोलता तसे लिहा' या घोषणेवर माझा पुरता विश्वास बसत नाही. पायह्वा उत्तरेकडच्या बोलीवर उभी आहे. लू शुन शाओशिंगचे, म्हणजे दक्षिणेचे. त्यांच्या आईची बोली निराळी होती. कँटनच्या किंवा शांघायच्या मुलाला आजही शाळेत घरच्यापेक्षा वेगळी भाषा लिहावी लागते. म्हणजे जी क्रांती बोलीच्या नावाने झाली तिनेही अनेकांना नवी लेखनभाषा शिकायलाच लावली. आपली प्रमाण मराठीही झाडीपट्टीतल्या मुलाला अशीच भेटते. यात मला अन्याय दिसतो, तसा दिलासाही दिसतो. कागदाची भाषा कमी-अधिक प्रमाणात सगळ्यांनाच परकी असेल, तर 'डोरा' म्हणणारे मूल इतरांच्या मागे आहे असे मानण्याचे कारण उरत नाही. त्याला फक्त थोडे अधिक अंतर चालावे लागते.

चिनीत वेगवेगळ्या प्रकारांत लिहिण्याचा सराव करताना मी एक विषय धरून ठेवला : ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर. आधी सूचना लिहिली. तीत 'कारण'साठी 'यिनवेइ' नको, नुसते 'यिन' हवे. पाण्याला 'शुइ' न म्हणता 'शुइवेइ', म्हणजे जलपातळी, म्हणायचे. आणि शेवटी 'थत्स् थोंग्च' हे ठाशीव वाक्य, आपल्या 'सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी'च्या जातीचे. मग त्याच पुरावर पत्र लिहिले. तेथे 'शुइ लाइ ल' एवढेच पुरले : पाणी आले. आणि ते लिहिताना कानात 'पानी आला' हेच वाजत होते. शेवटी ललित निबंध लिहिला. तेथे चार अक्षरी म्हणी हात जोडून उभ्या असतात. त्या नेमक्या जागी आल्या तर गद्य उजळते, ओळीने आल्या तर शालूच होतो. गंमत म्हणजे या अतिरेकासाठीही चिनीत चार अक्षरी म्हण आहे : सापाचे चित्र काढून त्याला पाय जोडणे. पूर एकच होता. सूचनेत कुणी घाबरलेले नाही, पत्रात भिंत पडते, निबंधात पाणी ओसरल्यावरचा वास उरतो. यांतले कोणतेही एक लेखन दुसऱ्याहून अधिक खरे नाही.

या वाटेवर आपले एक माणूस फार पूर्वी चालून गेले आहे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला गेले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीसांची शौर्यकथा १९४६ च्या शांताराम यांच्या चित्रपटाने घरोघरी नेली. मला त्यांची वेगळीच बाजू अचंबित करते. युद्धाच्या धामधुमीत ते चिनी शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि शस्त्रक्रियेवरचे पाठ्यपुस्तक चिनीत लिहायला बसले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत येनानला माओंनी पक्षातल्या साचेबंद लेखनावर झोड उठवली होती आणि त्या लेखनाला नाव दिले होते जुन्या आठ अंगी निबंधाचेच. परीक्षा जाऊन सदतीस वर्षे झाली तरी साचा जिवंत होता. साचे असे सहजी मरत नाहीत. शस्त्रक्रियेच्या पुस्तकात मात्र साच्याला जागा नसते. टाका कोठे घालायचा हे वाचणाऱ्याला कळले नाही, तर रोगी दगावतो.

चांगल्या लेखनाची कसोटी मला तेथेच सापडते. चिनी असो वा मराठी, सूचना असो वा कथा, समोरच्या माणसाला त्या घटकेला काय लागणार आहे हे ओळखून शब्दाची पातळी निवडणे, एवढेच शेवटी शिकायचे असते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध करून या निवडीसाठी आम्हाला एक आख्खी पातळी परत मिळवून दिली. तिचा उपयोग फक्त नाटकातल्या विनोदी पात्रापुरता राहू नये, असे वाटते. पावसाळ्यावरच्या निबंधात एखाद्या मुलाने 'बांधीत पानी साचला' असे लिहिले, तर त्या वाक्याखाली लाल रेघ ओढण्यापूर्वी गुरुजींनी ते एकदा मोठ्याने वाचून पाहावे.