कसर लागलेली शाल

परवां ट्रंक उघडली, तों तळाशीं वर्षानुवर्षें जपलेली शाल कसरीनें खाऊन तिची चाळण झालेली! मन हळहळलें. लगेच दुसरी एक आठवण टोचूं लागली. गेल्या थंडींत आमच्या कामाच्या बाईंनीं एखादें जुनें पांघरूण मागितलें होतें. ‘पाहूं’ म्हणून मीं त्यांना वाटेला लावलें होतें.

मग मला संत बेसिल आठवले. कप्पदुकियांतील कैसरिया नगरांत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानांतील कायसेरींत, इ. स. ३६९ च्या सुमारास दुष्काळ पडला, तेव्हां धान्य दडविणाऱ्या श्रीमंतांना या ख्रिस्ती धर्मगुरूंनीं खडसावलें. कोठारें पाडून मोठीं बांधूं पाहणारा आणि त्याच रात्रीं मरणारा धनिक येशूच्या एका दृष्टान्तांत आहे. त्यावर प्रवचन करतांना त्यांनीं बजावलें कीं, पेटींत पडून राहिलेलें वस्त्र उघड्याचेंच असतें. अर्थात् तें देणें हें औदार्य नव्हे, निव्वळ परतफेड होय.

म्हणजे शाल माझी गेलीच नाहीं. गेली ती त्या बाईंची. हळहळ माझी, नुकसान त्यांचें!

ट्रंकेला कुलूप मीं चोराच्या भीतीनें लावलें होतें. पण किल्ली कोणाच्या खिशांत होती?