येऊरची कारवी

ठाण्याच्या गर्दीला वैतागलेल्यांचं हाकेच्या अंतरावरचं माहेर म्हणजे येऊर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा हा ठाण्याकडचा भाग. इथल्या पाड्यांवर कारवीच्या काठ्यांचे कुड असायचे. ही कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरून जाते! २००८, २०१६, २०२४...

२०२४ च्या पावसाळ्यात डोंबिवलीहून आईला घेऊन गेलो. गुडघे कुरकुरत होते, तरी त्या जांभळ्या फुलांपाशी ती बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "पुढची २०३२ ला ना रे? तेव्हा मी एक्क्याऐंशीची."

मला उत्तर सुचेना. आजूबाजूला नुसती मधमाश्यांची गुणगुण...

परवा कळलं, ती रोज सोसायटीभोवती दोन फेऱ्या मारते. २०३२ साठी म्हणे!