निळा सोफा

सोफ्यावर काय लिहायचं, असं कुणी म्हणेल. ज्या पानांवर आपण भूक लिहिली, दंगल लिहिली, मोर्चा लिहिला, तिथं सोफा कशाला? पण बसणं हा आपला फार जुना विषय आहे. कोण कुठं बसतं, कुणासमोर बसतं, जमिनीपासून किती उंच बसतं, यावरनं माणसं मेलीत. २०१९ साली उत्तराखंडात टिहरी गढवालकडं एका लग्नात सुतारकाम करणारा आपल्यातला एक पोरगा खुर्चीत बसून जेवला. त्याला मारहाण झाली. थोड्या दिवसांनी तो दवाखान्यात गेला. घरच्यांनी कारण सांगितलं ते एवढंच, खुर्ची. २०२० साली तामिळनाडूत कडलूर जिल्ह्यात निवडून आलेली दलित पंचायत-अध्यक्ष बाई फरशीवर आणि बाकीची मंडळी खुर्च्यांवर, असा फोटो सगळ्या देशानं बघितला. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तर सरळ लिहून ठेवलंय, वरच्या जातीच्या आसनावर बरोबरीनं बसू पाहील त्याच्या कमरेवर डाग द्या आणि हाकला, नाहीतर त्याचं ढुंगण कापा. हे पुस्तक बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं ते उगीच नाही. आणि ते स्वतः साताऱ्याच्या शाळेत कशावर बसले? घरनं नेलेल्या गोणपाटावर. संध्याकाळी ते गोणपाट घरी आणायचं, सकाळी परत न्यायचं. शाळा झाडणारा गडीसुद्धा त्याला शिवत नसे.

तेव्हा सोफ्यावर लिहिते. माझ्या सोफ्यावर. तो निळा आहे. आकाशी नाही, मोरपंखी नाही. निळा.

आधी जागेचं सांगते. माझा आजा माण तालुक्यातनं दुष्काळात मुंबईला आला, गिरणीत लागला आणि वरळीच्या बीडीडी चाळीत शिरला. १९२० च्या दशकातल्या या चाळी. एक खोली १६० चौरस फूट. त्यात आम्ही नऊ माणसं. सामान म्हणजे एक लोखंडी कॉट, कॉटखाली पत्र्याच्या पेट्या, एक घडवंची, वर गोधड्यांची चळत, भिंतीला फळी. कॉटवर बाप झोपायचा, कारण रातपाळी. बाकी सगळे खाली, काही गॅलरीत. ‘दिवाणखाना’ हा शब्द मी मराठी पिक्चरमध्ये ऐकला. तिथं जिना असायचा, जिन्यावरनं हिरॉईन उतरायची आणि खाली सोफा. आमच्या घरी फर्निचरचा एकच मोठा उपयोग झालेला मला आठवतो. जानेवारी १९७४. पँथरच्या सभेनंतर वरळी पेटली तेव्हा बापानं ती कॉट उचलून दाराला लावली आणि तिच्यावर सगळ्या पेट्या रचल्या. मी दहा वर्षांची. त्या रात्री आम्ही सगळे सारखेच खाली बसलो होतो.

आता त्या चाळी पाडल्या जातायत. वरळीच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. घर ५०० चौरस फुटांचं. आमचंही झालं. त्याआधीची काही वर्षं उपनगरात भाड्यानं काढली. तिथला मालक घर दाखवताना आडनाव विचारायचा, मग गाव विचारायचा, मग गावातली आळी विचारायचा. मी महापालिकेच्या शाळेत जन्म काढलेली मास्तरीण, मला काय कळत नाही होय हे प्रश्न कुठं चाललेत ते? घर मिळालं. पण फोटो आतल्या खोलीत लावा, असं सूनबाईच म्हणाली. “आई, अकरा महिन्यांचा करार आहे. उगीच कशाला?” तिचंही चूक नव्हतं. अंगावर लेकरू होतं. बाबासाहेब कपाटाच्या बाजूला गेले, बुद्ध फ्रिजच्या वर. हॉलमध्ये मालकाचं धबधब्याचं कॅलेंडर. किती घरांमध्ये असं आहे ते मोजायला कुणी येत नाही. बाहेरच्या खोलीत धबधबा आणि आतल्या खोलीत बाप.

म्हणून नव्या घरात यायच्या आधीच मी सांगून ठेवलं, हॉल मी लावणार.

कुर्ल्याला एका कारागिराकडं गेलो. पोरगा, सूनबाई आणि मी. कारागीर गुणी माणूस. सागवानी फ्रेम, खाली घट्ट ताणलेल्या पट्ट्या, वर फोम, त्याची घनता चाळीसची घ्या, स्वस्तातला दोन वर्षांत बसतो, हे त्यानं न विचारता सांगितलं. कापडाची पुस्तकं पुढं टाकली. मी निळ्यावर बोट ठेवलं. तो थांबला. “मॅडम, बेज घ्या. नाहीतर ग्रे. आजकाल तेच चालतं. डिसेंट दिसतं. हा जरा भडक होतो.”

भडक. हा शब्द मी आयुष्यभर ऐकतेय. साडी भडक, बोलणं भडक, जयंतीची मिरवणूक भडक, आपल्या पोरांच्या कविता भडक. रंगाला जात नसते म्हणतात. मग ‘डिसेंट’ रंग नेमके तेच कसे, ज्यांवर मातीचा डाग लगेच दिसतो आणि ज्यांना रोज पुसायला कामवाली लागते? शेतात, गिरणीत, गटारात राबणाऱ्यानं बेज परवडवायचा कुठनं? आमच्या बायका गडद नेसल्या कारण गडद टिकतं. त्या टिकण्यालाच यांनी भडक नाव दिलं. कारागिरावर माझा राग नाही, तो गिऱ्हाइकांकडनं शिकलेलं बोलत होता. मी म्हटलं, हाच घ्या.

कापड पानिपतचं, जाड सुती. हातात घेतल्यावर बापाची आठवण झाली. आजा आणि बाप दोघंही रिंगखात्यात. सूत कातायचे. कापड विणणं आमच्या वाट्याला नव्हतं. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्या माणसाला मज्जाव. कारण काय तर धोट्यातली कांडी बदलली की नवा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि महाराच्या तोंडाला लागलेला धोटा दुसरा कोण तोंडाला लावणार? १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हे उघडं मांडलं. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनासुद्धा ते अडचणीचं झालं. आम्ही सूत काढलं, त्याचं कापड दुसऱ्यांनी विणलं, त्यावर तिसरे बसले. १९८२ च्या संपात बापाचं रिंगखातंही गेलं. हे सगळं त्या दुकानात मी बोलले नाही. मीटर किती लागेल एवढंच विचारलं.

सोफा घरी आला तो लिफ्टमध्ये मावेना. पाय सुटे करून आडवा घातला. आता खरं काम सुरू झालं. एवढा गडद रंग एका भिंतीला टेकला की बाकीच्या खोलीला त्याच्याशी बोलावं लागतं, नाहीतर तो एकटा ओरडत बसतो. पोरानं मोबाईलवर चित्रं दाखवली. कुठं निळ्या सोफ्यामागं निळीच भिंत, कुठं भिंतीला नक्षीचा कागद. आमचा हॉल दहा बाय चौदा. तिथं निळी भिंत केली तर विहिरीत बसल्यासारखं वाटेल. भिंती पांढऱ्याच ठेवल्या. पांढरा काही मला परका नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत उभी होती. ज्यांच्याकडं पांढरं नव्हतं त्यांनी मिळवलं.

मग पोरगा हसत म्हणाला, “आता पिवळ्या उशा टाक आणि दारात झेंडा लाव, पक्षाचं हापिस करून टाकू.” तो चेष्टेनं बोलला, पण उशांचं खरं बोलला. निळ्याला पिवळा आणि भगवट नारिंगी उठाव देतात, हे चित्रकलेच्या बाई शाळेत सांगायच्या. आणि १८८५ साली कोलंबोत जो बौद्ध ध्वज पहिल्यांदा लागला त्यात तरी काय आहे? निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, नारिंगी. त्या माणसांना रंग कळत होते. फक्त प्रमाण सांभाळायचं. पांढरा भरपूर, निळा एकच मोठा, पिवळ्या दोन उशा, नारिंगी म्हणजे कुंडीतली झेंडूची रोपं, तांबडा नावाला. पाचही सारखे टाकले असते तर पोराचं हापिस झालं असतंच.

तांबडा आला तो गोधडीतनं. आईची गोधडी, तिच्या आणि आजीच्या नऊवारींची. हिरवट, तांबडी, काळपट, मधे बापाच्या खाकी पॅंटीचा तुकडा. सूनबाईनं ती सोफ्याच्या एका हातावर टाकली. मला आधी वाटलं पावण्यांना दाखवायला टाकतीय, हल्ली गोधडीला इंग्रजी नाव देऊन दुकानात विकतात. पण तिनं ती टाकली कारण लेकरू तिथं झोपतं.

उन्हाचा एक नियम सांगते, उपयोगी पडेल. आमची खिडकी पश्चिमेला, दुपारनंतर ऊन थेट आत. गडद निळा सुती कापडावर उन्हानं विटतो, आधी हाताच्या कडा जातात. म्हणून सोफा खिडकीखाली न ठेवता बाजूच्या भिंतीला लावला आणि खिडकीला साधा पातळ पांढरा पडदा. पिवळ्या दिव्यात हा रंग रात्री काळा पडतो, म्हणून वर पांढरी ट्यूब, पिवळा दिवा फक्त कोपऱ्यात. सोफ्याला पाय आहेत, खालची फरशी दिसते, त्यानं खोली मोठी वाटते. टीपॉय आणि सोफा यांत दीड फूट. जास्त ठेवलं तर चहा घ्यायला वाकावं लागतं, कमी ठेवलं तर गुडघे आपटतात. शोकेस केलं नाही. पुस्तकांची फळी केली.

राहिली सोफ्यामागची भिंत. नजर आधी तिथंच जाते. सूनबाई फोटो घेऊन आली, मला काही बोलावं लागलं नाही. तिनं टेपनं मापलं. सोफ्याच्या पाठीपासून नऊ इंच वर, मधोमध. बाबासाहेब बसलेले आहेत त्या फोटोत, खुर्चीत, कोट घालून. १९४२ साली फेडरेशन निघालं त्याचा झेंडा निळा होता, १९५७ च्या रिपब्लिकन पक्षाचाही निळाच. मी हे रंग जुळवायला केलं नव्हतं. पण एकदा तो फोटो तिथं लागला तेव्हा खोली पुरी झाली. आता दारातनं येणाऱ्याला आडनाव विचारायची गरज नाही. सूनबाईची हापिसातली एक मैत्रीण आली, आत पाऊल टाकलं, फोटो बघितला, सोफा बघितला, म्हणाली, “अय्या, मला माहीतच नव्हतं.” काय माहीत नव्हतं ते ती बोलली नाही. सूनबाईनं पाणी दिलं. ती पुन्हा आली नाही. दुसरी एक आली, तिनं कारागिराचा नंबर घेतला.

आता आईचं. वय ब्याऐंशीच्या पुढं. ती सोफ्यावर बसत नाही. सोफ्याला पाठ टेकून खाली बसते. म्हणून सोफ्यापुढं गालिचा न टाकता सतरंजी टाकली, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. कितीदा सांगितलं. “मला खालीच बरं वाटतंय. वर बसलं की पाय लोंबत्यात.” पायांचं एवढं नाही. गावाकडं पाटील रस्त्यानं निघाला की दारातल्या बाजेवरनं उठायचं, हे तिच्या गुडघ्यांत बसलंय. ती तसं म्हणत नाही. मी म्हणते.

दिवाळीनंतर गावाकडनं त्याच घरातला एक नातू आला. शिकलेला, मुंबईत नोकरी बघतोय, माझ्या पोराच्या ओळखीनं काही होतंय का म्हणून. दारात चपला काढल्या. “आजी, ओळखलं का?” आईनं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, मग आज्याचं. आज्याचं नाव ऐकलं आणि सतरंजीवरनं उठली. माझा जीव गोळा झाला. मला वाटलं, झालं, बाज सोडली हिनं. पण तिनं टीपॉयला धरलं, वळली आणि सोफ्यावर जाऊन बसली. बरोबर मधोमध, फोटोखाली. मग थोडी सरकली, शेजारच्या जागेवर हात आपटला.

“बस बाळा हितं.”

तो बसला. अंग चोरून बसला, पण बसला. चहा घेतला. पोरानं त्याचे कागद बघितले, काय होतंय बघतो म्हणाला. तो गेल्यावर आई परत खाली.

सोफ्याची बैठक सोळा इंच उंच. तिच्या गुडघ्यांना ती कमी पडते, उठताना त्रास होतो, हे त्या दिवशी दिसलं. खिडकीकडचा कोपरा अजून मोकळा आहे. तिथं एक हातांची लाकडी खुर्ची करून घ्यायचीय, बैठक अठरा इंच, हात धरून उठता येईल अशी. कारागीर विचारतोय, कापड कुठलं लावू. आईलाच घेऊन जाईन म्हणते, पुस्तक तिच्या पुढ्यात टाकायला.