ऑगस्टमधील गुणपत्रिका

‘सोने पाहावे कसून, माणूस पाहावा बसून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. सोन्याची एक रेघ कसोटीच्या दगडावर ओढली की काम भागते. माणसाजवळ मात्र काही काळ बसावे लागते. हे बसणे किती अवघड असते, याची जाणीव आम्हांला झाली ती दूर अमेरिकेत, एका खेळाच्या निमित्ताने.

२०१२ सालच्या जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही वॉशिंग्टन राज्यातील एका लहानशा पॅरिशमध्ये मदतीला होतो. रविवारच्या मिस्सेनंतर लोक सभागृहात कॉफी घेत थांबत. ऑगस्ट लागला तशी त्यांची बोलणी एकाच विषयाभोवती फिरू लागली : सिएटल सीहॉक्स संघाने यंदा निवडलेली नवी मुले कशी निघणार? हा त्यांचा फुटबॉल आपला नव्हे. त्यात लांबट चेंडू हातात घेऊन धावतात, पुढे फेकतात आणि प्रतिपक्षाचे धिप्पाड गडी धावणाऱ्याला जमिनीवर लोळवतात. चेंडू कोणाकडे द्यायचा हे ठरवणारा मुख्य खेळाडू तो क्वार्टरबॅक.

या खेळाचे ३२ व्यावसायिक संघ आहेत. दर वर्षी एप्रिलच्या सुमारास ते महाविद्यालयांतून आलेल्या तरुणांना पाळीपाळीने निवडतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. तिच्या ७ फेऱ्या होतात आणि आदल्या हंगामात सर्वांत मागे राहिलेल्या संघाची पाळी पहिली असते. दुबळ्याला बळ मिळावे या हेतूने १९३६ साली ही प्रथा सुरू झाली. खरा हंगाम सप्टेंबरचा. ऑगस्टमध्ये केवळ सरावाचे सामने असतात. त्या वर्षी ते बहुतेक संघांना ४ होते, २०२१ पासून बहुतेकांना ३ असतात. शिबिरात ९० खेळाडू घेता येतात, परंतु हंगामाच्या तोंडावर यादीत ५३ नावेच ठेवावी लागतात.

गुणदान मात्र ऑगस्टचीही वाट पाहत नाही. ड्राफ्ट संपताच जाणकार मंडळी शाळेतल्यासारख्या श्रेणी वाटतात. २०१२ साली सीहॉक्सच्या वाट्याला काहींकडून अगदी खालची श्रेणी आली. कोणी तर संघाला सरळ नापास केले. १५व्या क्रमांकावर घेतलेला ब्रूस आयर्विन फारच लवकर उचलला, असा आक्षेप होता. ७५व्या क्रमांकावर घेतलेला क्वार्टरबॅक रसेल विल्सन सहा फुटांहून ठेंगणा. समोरच्या उंच भिंतीपलीकडचे त्याला दिसणार कसे? शिवाय त्याच मार्चमध्ये संघाने मॅट फ्लिन या अनुभवी क्वार्टरबॅकशी मोठ्या रकमेचा करार केला होता.

आमच्या शेजारी बसणारे एक वृद्ध गृहस्थ पूर्वी शाळेत या खेळाचे प्रशिक्षक होते. हे सामने कसे पाहावेत, ते त्यांनी आम्हांला समजावले. पहिल्या फळीचे खेळाडू थोडाच वेळ मैदानात असतात. उत्तरार्धात जागेसाठी धडपडणारी मुले जागेसाठी धडपडणाऱ्याच मुलांशी भिडतात. संघ आपले ठेवणीतले डाव उघड करत नाहीत. म्हणून तेथे कोणी किती गुण मिळवले, याला फारसे मोल नाही. “फादर, मुलगा चुकला की नाही हे पाहू नका,” ते म्हणत, “पुढच्या आठवड्यात तीच चूक तो पुन्हा करतो का, ते पाहा. आपटल्यावर किती लवकर उठतो, ते पाहा.”

तिसऱ्या सामन्यात विल्सन सुरुवातीपासून खेळला आणि सीहॉक्सने कॅन्सस सिटीला ४४-१४ असे हरवले. दोनच दिवसांनी प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी हंगामासाठी त्याची निवड जाहीर केली. निवडीचा क्रमांक आणि कराराची रक्कम त्यांनी आड येऊ दिली नाही. हंगामातील पहिलाच सामना संघ १६-२० असा हरला. तरी निवड बदलली नाही. त्या हंगामात ११ विजय मिळाले. २ फेब्रुवारी २०१४ रोजी याच संघाने सुपर बोल हा अंतिम सामना ४३-८ असा जिंकला. विल्सन, आयर्विन आणि ४७व्या क्रमांकावर घेतलेला बॉबी वॅग्नर हे तिघेही त्या संघात होते.

तेव्हा जाणकार खोटे आणि ऑगस्ट खरा, असे म्हणावे काय? तसेही नाही. त्याच राज्यातील विद्यापीठाकडून खेळलेल्या रायन लीफची कथा सभागृहात सर्वांना ठाऊक होती. १९९८ साली पेटन मॅनिंग पहिला निवडला गेला आणि लीफ दुसरा. लीफच्या संघाने पहिले दोन सामने जिंकले. मॅनिंगच्या संघाने वर्षभरात १३ सामने गमावले, आणि त्याचे २८ चेंडू प्रतिपक्षाने झेलले. पुढे मॅनिंग या खेळातील थोरांमध्ये गणला गेला, तर लीफची कारकीर्द काही वर्षांतच आटोपली. त्यांच्याबाबतीत ऑगस्ट तर राहोच, सुरुवातीचे सामनेही पुरेसे बोलके नव्हते.

आम्ही परतण्यापूर्वीच्या रविवारी अंतिम याद्या लागल्या होत्या. कॉफीच्या टेबलाशी एक बाई म्हणाल्या, “माझा भाचा दुसऱ्या एका संघाच्या शिबिरात होता. शुक्रवारी त्याला घरी पाठवले. तो वाईट खेळला असे कोणीच म्हटले नाही, फादर. जागा नव्हती, एवढेच.” आठवडाभर हसत श्रेणी वाटणारी मंडळी क्षणभर गप्प झाली. ९० वजा ५३ म्हणजे ३७. प्रत्येक संघातून तितकी मुले बाहेर पडतात. काहींना पुढे सराव-चमूत किंवा अन्य संघात थारा मिळतो. पुष्कळांचा खेळ तेथेच संपतो.

तेव्हापासून आम्ही निर्णय आणि निकाल यांत भेद करतो. निर्णय प्रशिक्षकाला घ्यावाच लागतो. नियम त्याला तारीख घालून देतो. हाती आहे तेवढ्या माहितीवर तो आजच्यापुरते ठरवतो आणि परिणाम स्वतः भोगतो. निकाल देणाऱ्या प्रेक्षकाला मात्र कसलीच घाई नसते. त्याला थांबण्याची मुभा असते, तरी तो थांबत नाही.

आपल्या घरांतही दहावीची गुणपत्रिका हाती पडली की हेच घडते. मुलाने कोणती शाखा घ्यावी, याचा निर्णय आईवडिलांना ठरावीक तारखेच्या आत घ्यावाच लागतो, आणि तो त्यांनी नीट विचार करून घ्यावा. मात्र त्यासोबत ‘याच्या हातून आता काही व्हायचे नाही’ असे त्या मुलाच्या देखत बोलण्याची सक्ती कोणत्याही नियमाने त्यांच्यावर केलेली नाही.